बरडावरचा चपटा दगड

"उद्यापासून तू गोट्यावर कामाले जाय," मामीजी म्हणाल्या.

मी भाकर थापत होते. हात परातीतच थांबला. आमच्याकडे सासूला मामीजी आणि सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि माझ्या मामीजींनी, भागरथाबाईंनी, लग्न होऊन आल्यापासून मला एक दिवससुद्धा दुसऱ्याच्या वावरात पाठवलं नव्हतं. "माही सून लोकाईच्या धुऱ्यावर दिसली नाई पायजे," असा त्यांचा खाक्या. आणि आज हीच बाई मला मजुरीला पाठवते? मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं आणि हा टोमणा आहे.

"खोदकामावर?" मी विचारलं.

"मंग काय लगनाले?"

गावाच्या उगवतीला मोठा उघडा माळ होता. आमच्या भागात अशा जमिनीला बरड म्हणतात. नुसता मुरूम, गुडघ्याइतकं पिवळं गवत, कुठं एखादं बोराचं झुडूप. वारा सुटला की अडवायला काही नाही. त्या बरडाच्या मधोमध काळे धोंडे गोल मांडून ठेवलेले, आणि त्यांच्या आत दगडमुरमाचा उंचवटा. कोणी मांडले, कधी मांडले, कोणाला ठाऊक नव्हतं. गाव म्हणायचं, राक्षसं गोट्या खेळत होती आणि डाव अर्धा टाकून गेली, म्हणून त्या जागेचं नावच गोटा. त्या हिवाळ्यात विद्यापीठातले लोक आले, तंबू ठोकले आणि म्हणाले की हे तीन हजार वर्षांपूर्वीचं थडगं आहे. गावाला त्याचं काही विशेष वाटलं नाही. लोक मजुरीवर खूश होते.

"सुमित्रे, इकडं पाय," मामीजी जवळ आल्या आणि चुलीपाशी खाली बसल्या. हेही नवीनच. त्या बोलायच्या त्या उभ्यानं आणि पाठमोऱ्या. "त्या गोट्यात, उगवतीच्या अंगाले, एक चपटा दगड हाये. पायला?"

पाहिला होता की! वावरात जाताना वाट वाकडी करून मामीजी त्या धोंड्यांपाशी जायच्या. गोलाच्या आत पाय ठेवायच्या नाहीत, बाहेरूनच वाकायच्या आणि नाल्यातून कमरेच्या ओट्यात आणलेला एक पांढराशुभ्र गोटा त्या चपट्या दगडावर ठेवायच्या. मला वाटायचं, गुराढोरांचा एखादा देव असेल. ढीग झाला होता गोट्यांचा.

"तुमचा देव आहे ना तिथं?" मी म्हटलं.

"देव नाई. त्याच्याखाली माह्यं लेकरू हाये."

तव्यावरची भाकर करपली. वास आला तरी आम्ही दोघी तशाच बसलो होतो. शेवटी त्यांनीच हातानं उचलून ती बाजूला टाकली.

माझ्या नवऱ्याचं नाव दगडू. आता म्हातारपणी नाव घ्यायला मला कोण अडवतं? असं नाव कोणाला ठेवतात ते मला चांगलं माहीत होतं. आधीचं मूल गेलं की मागून आलेल्याला दगडू, धोंडू, उकंडा म्हणतात, म्हणजे काळाची नजर त्याच्याकडे जात नाही. म्हणजे या घरात आधी कोणीतरी होतं, हे मला नावावरूनच कळायला हवं होतं. पण त्या घरात त्याचं नाव कोणी काढत नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नाही.

"सव्वा महिन्याचा होता," मामीजी म्हणाल्या. "तुह्या मामाजीनं नेला. तान्हं लेकरू जाळत नाई, पुरते. त्याच्या कंबरेले काळा करगोटा होता, अन् त्याच्यात भोकाचा पैसा. मीच ओवला होता. तो दिसला की समज, तोच हाये. पैसा पदरात बांध, बाकीचं टोपल्यात घे, वरून माती टाक, अन् घरी आन. मी दुसरीकडं ठेवीन."

"अहो, पण त्या साहेबांना सांगून टाकू ना! म्हणावं, तेवढा कोपरा सोडा."

"अन् हाडं निघाली की फौजदार येते, पंचनामा करते, ते? बाईले इचारीन, कसं मेलं, कोनं मारलं. नाई तर हे लोक डब्यात घालून नागपूरले नेतीन. काचेच्या कपाटात ठेवतीन. तिकीट काढून लोक पायतीन माह्या लेकराले." त्यांचा आवाज चिरला. मामीजींचा आवाज चिरलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "दगडूले सांगू नोको. जाशीन ना?"

जाईन म्हणाले. नाही कशी म्हणणार? त्या बाईनं मला आजवर कामं सांगितली होती, मागितलं काही नव्हतं.

खोदकामावर मोठे साहेब होते वझलवार सर. उंच, वाळलेले, डोक्यावर कापडी टोपी, आणि सतत चिडलेले. त्यांच्या हाताखाली शुभदा मॅडम, माझ्याच वयाची पोरगी. पँट घालायची म्हणून गावातल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, पण उन्हात दिवसभर उकिडवी बसून ती जे काम करायची, ते आमच्यातल्या कोणाला जमलं नसतं. सुतळी बांधून तिनं त्या गोलाचे चार भाग केले. पोळीचे चार तुकडे करावे तसे.

"समोरासमोरचे दोन भाग खोदायचे," तिनं आम्हा बायांना समजावलं. "उरलेले दोन तसेच ठेवायचे. म्हणजे मातीचे थर कापलेल्या बाजूला उभे दिसतात."

"तसेच म्हणजे अगदी तसेच? नंतर पण नाही खोदायचे?" मी विचारलं.

"शक्यतो नाही."

आणि चपटा दगड न खोदायच्या भागात होता! मी संध्याकाळी घरी जवळजवळ पळतच आले. मामीजी दारातच उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "शक्यतो मनजे काय?"

"म्हणजे... नाहीच खोदणार."

"मंग तसं काऊन नाई मनली ते?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. मी पाय धुवायच्या आत प्रश्न. आज कुठवर आले? दगडापासून किती लांब? त्या पोरीनं दगडाकडे पाहिलं का? दिवसभर मी टोपलं वाहताना डोळा त्या दगडावर ठेवायची, एकदा ठेच लागून सरांच्या अंगावरच माती सांडली. "लक्ष कुठे आहे तुमचं, सुमित्राबाई?" ते ओरडले. आता त्यांना काय सांगू!

दोन्ही भाग खोदून झाले. निघालं काय? काळी-तांबडी खापरं, गंजून फुगलेला लोखंडाचा एक तुकडा, आणि मुरूम. सर तंबूबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि कोणाशी बोलायचे नाहीत. शुभदा मॅडमनं मला हळूच सांगितलं की यंदा काही हाती लागलं नाही, तर पुढल्या वर्षी इथं यायला परवानगी मिळणार नाही. मी वरवर हळहळले. मनात म्हटलं, जा बाप्पा लवकर, पेटी भरा आणि निघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर फिरत फिरत उगवतीच्या बाजूला गेले आणि थांबले. मग खाली वाकले. मग गुडघ्यावर बसले.

"शुभदा! इकडे ये. हे काय आहे?"

"गोटे आहेत सर. गुराख्यांनी ठेवले असतील."

"नीट बघ. सगळे पांढरे, सगळे गुळगुळीत. या माळावर असा एक तरी दगड दिसतो का? हे नाल्यातून आणलेत, निवडून आणलेत. आणि या चपट्या शिळेवरच, बाकी कुठेही नाही." सरांचा आवाज इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुलला होता. "हे अर्पण आहे. कुणीतरी कुणासाठी तरी केलेलं. या शिळेखाली काहीतरी आहे."

मी टोपलं घेऊन तिथंच उभी होते.

"सर, ते पोट्टे ठेवतात," मी म्हटलं. "गुरं चारायला येतात ना, ते. खेळतात."

"खेळणारी मुलं इतके सारखे गोटे शोधून आणत नाहीत, सुमित्राबाई." आणि माझ्याकडे पाहून चक्क हसले. "शाबास, तुमचंही लक्ष आहे म्हणायचं."

शुभदा मॅडमनं दुपारभर बसून तो ढीग कागदावर उतरवला. एकेक गोटा. कुठला कोणावर, कुठला कलंडलेला, सगळं. माझ्या सासूनं कमरेच्या ओट्यातून आणलेले ते गोटे ती पोरगी जीव लावून काढत होती आणि मी बाजूला उभी राहून घाम पुसत होते. हे माझ्या सासूनं ठेवलेत म्हटलं, की पुढचा प्रश्न 'का' हाच होता.

"उद्या शिळा उचलू," सर म्हणाले.

घरी मी हे कसं सांगितलं ते माझं मला ठाऊक. मामीजी ऐकत ऐकत भिंतीला टेकल्या.

"मनजे माह्या गोट्याईनंच दाखवलं त्याईले," त्या म्हणाल्या. "मी नसते ठेवले तर तो दगड साधा होता."

"असं नका म्हणू."

"मंग कसं मनू?" त्या एकदम कडाडल्या, आणि लगेच विझल्या. "मी त्याच्यासाठी ठेवत होती वं. आई आली होती, एवढं कळावं त्याले. मले त्या दिवशी जाऊ दिलं नाई ना. बाया जात नाईत पुरायले. तुह्या मामाजीनं दुपट्यात गुंडाळला, सब्बल खांद्यावर घेतली, अन् एकटेच गेले. आले ते दिवस बुडाल्यावर. हिरीवर अंग धुतलं. मी इचारलं, कुठं ठेवला? मनले, गोट्यात, उगवतीले, चपट्या दगडाखाली. मी मनलं, त्या उघड्या बरडावर? एकटा? तर मनले, झोपला तो. बस. एवढंच. पुढं कधी एक शब्द नाई."

"त्यांनाही दुःख असेल."

"कोल्हे ओरडत होते बरडावर. मी पडवीत बसून आयकत होती. सव्वा महिना माह्या कुशीतून हलला नाई तो. दिवा गेला तर रडे. अन् हे आतमंधी झोपले होते." मामीजींनी डोळ्याला पदर लावला नाही. नुसत्या समोर पाहत राहिल्या. "त्या दिवसापासून माह्यं मन उतरलं त्या मानसावरून. ताट वाढलं, सगळं केलं. पन उतरलं ते उतरलं."

मामाजी गेले तेव्हा मी या घरात नवी होते. बाया मामीजींना धरून बसल्या होत्या आणि मामीजी कोरड्या डोळ्यांनी दारातून बाहेर पाहत होत्या. एक टिपूस नाही. गावात किती दिवस तेच बोलणं होतं. मलासुद्धा तेव्हा ती बाई दगडाच्या काळजाची वाटली होती.

"उद्या तू आत ऱ्हाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोनाचा हात लागू देऊ नोको."

सकाळी गोटे पिशव्यांत भरले गेले. मग दोन गड्यांनी सबली घातल्या आणि शिळा उचलून बाजूला टेकवली. खाली माती भुसभुशीत होती. बाजूचा मुरूम टणक आणि मध्येच ही मऊ माती.

"मॅडम, माती मी काढते," मी म्हटलं. "माझा हात हलका आहे."

"ये, तू या बाजूनं काढ. मी इथून ब्रश करते. खुरपं अगदी आडवं धर."

आम्ही दोघी समोरासमोर बसलो. बाकीच्या बाया चाळणीवर होत्या. सर काठावर फेऱ्या मारत होते. मी माती टोपल्यात भरत होते आणि मनात एकच चाललं होतं, दिसू नकोस रे बाबा, नाहीतर मलाच दिस, हिला नको. खुरप्याच्या टोकाला काहीतरी कचकन लागलं. मी बोटांनी माती बाजूला केली. हिरवट पडलेला, मधे भोक असलेला पैसा. करगोटा कधीच मातीला मिळाला होता, पण पैसा तसाच होता.

मी मूठ मिटली. वर पाहिलं. मॅडमची मान खाली होती. पदराची गाठ मारायला दुसरा हात मोकळा नव्हता, म्हणून मूठ तशीच ठेवली आणि उरलेल्या हातानं माती काढू लागले. पैशाच्या खाली, बोटभर खोल, हाड. बारीक. इतकं बारीक की मी आधी काडी समजले. मग तशीच दुसरी. मग छोट्या वाटीसारखं काहीतरी, कडेला पिचलेलं.

ते डोकं होतं. मी त्यावर पंजा पसरला. मला रडू आलं ते आवरेना.

"सुमित्रा, काय झालं? काय आहे तिथं?"

"काही नाही. दगड आहे."

"हात काढ बघू."

"नाही."

"अगं, असा दाब देऊ नकोस, काही असेल तर मोडेल! सर! सर, लवकर या!"

सर धावत आले. बाया चाळण्या टाकून काठावर जमल्या. "सुमित्राबाई, हात उचला," सर म्हणाले. मी मान हलवली. "हात उचला म्हणतो ना! वेड लागलंय का?" मला काही सुचत नव्हतं. टोपल्यात घे, वर माती टाक, म्हणाल्या होत्या मामीजी. कसं घेऊ? इतके डोळे माझ्यावर. मी त्या खड्ड्यात तशीच ओणवी बसले, एक मूठ मिटलेली, एक पंजा मातीवर. उचलून बाहेर काढलं असतं तरी मी तो हात काढला नसता.

"काढ वं हात."

आवाज मागून आला. मामीजी धोंड्यांच्या बाहेर उभ्या होत्या. पायात चप्पल नाही, डोक्यावरचा पदर घसरलेला. घरी बसवलं नसेल त्यांना. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"काढ सुमित्रे. पायतीन तर पायू दे. तू काऊन रडतं?"

मग त्यांनी त्या धोंड्यांच्या आत पाय टाकला. इतकी वर्षं बाहेरून वाकणारी बाई तरातरा चालत आली आणि खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसली. मी पंजा उचलला. दुसऱ्या हाताची मूठ उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पैशाकडे पाहिलं आणि तो घेतला नाही, नुसतं बोट लावलं.

सरांनी मात्र झटकन घेतला. उलटून पाहिला आणि त्यांचा चेहराच पडला.

"हा तर इंग्रजांच्या वेळचा पैसा! म्हणजे हा खड्डा आत्ताआत्ताचा? कुणी खणला इथं? सगळा थर नासवून ठेवला!" टोपी काढून त्यांनी मांडीवर आपटली. "आणि ते गोटे? ते अर्पण?"

"ते मी ठेवले," मामीजी म्हणाल्या. "माह्यं लेकरू हाये ते, साहेब. सव्वा महिन्याचं होतं. नेऊ नोका त्याले. फौजदाराले बोलावून मले नेता तर न्या."

सरांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली नाही. ती हातात चुरगळत ते म्हणाले, "नाही हो बाई. फौजदार कशाला? तुम्ही... आम्हाला माहीत नव्हतं."

तेवढ्यात शुभदा मॅडम पुटपुटली, "सर, इथं बघा ना जरा."

ती अजून ब्रश करत होती. मी सांडलेली माती तिनं हळूच बाजूला केली होती. त्या छोट्या डोक्याला लागूनच आणखी एक डोकं होतं. तेवढंच लहान. पण हाडाचा रंग वेगळा, काळपट, मुरमासारखा घट्ट झालेला. आणि हाताच्या जागी तांब्याची हिरवी बांगडी, बाहुलीच्या हातात बसेल इतकी.

मामीजींनी त्याच्याकडे बोट केलं. "हे कोनाचं?"

सर पालथे झोपले आणि खड्ड्यात डोकं घातलं. त्यांनी स्वतः ब्रश घेतला. किती वेळ गेला. अधूनमधून मॅडमला काहीतरी म्हणत होते, ती मान हलवत होती. मग ते उठून बसले. दाढीला, भुवयांना माती लागलेली.

"बाई, हे दुसरं मूल फार जुनं आहे. ज्यांनी हे धोंडे मांडले, त्यांचं. तीन हजार वर्षं झाली असतील. तुमचं बाळ इथं कुणी ठेवलं?"

"त्याच्या बापानं."

"एकटे आले होते?"

"हो."

"मग ऐका. हे बघा, इथून खणायला सुरुवात केली. सबलीचे घाव दिसतात ना? इथं, इथं, इथपर्यंत. आणि इथं अचानक थांबलेत. इथून पुढे एकही घाव नाही. इथून पुढे माती हातानं काढलीय." त्यांनी बोटांनी दाखवलं. मुरमात बोटांच्या रेघा अजून होत्या. "त्यांना हे मूल दिसलं. ते घाबरून पळाले नाहीत, बांगडी काढून नेली नाही, दुसरीकडे खड्डा केला नाही. त्यांनी याच्या भोवतीची माती हातानं उकरून जागा केली आणि तुमच्या बाळाला याच्या कुशीला लावून ठेवलं. तोंडाकडे तोंड करून. बघा, दोघांची डोकी टेकलीत."

मामीजी पुढे वाकल्या. मी त्यांचा दंड धरला, पडतील म्हणून. त्या पाहत राहिल्या, पाहत राहिल्या.

"मनजे एकटा नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही. एकटा नव्हता."

शुभदा मॅडम डोळे पुसत होती, पण तिचं अर्धं लक्ष बांगडीकडे होतं. तिचा तरी काय दोष? सगळा हिवाळा त्यांनी मुरूम उपसला होता. "सर," ती हळूच म्हणाली, "आपण जुनं तेवढं उचलू शकतो. बाळाला धक्का न लावता."

मामीजींनी ऐकलं. त्यांनी हात जोडले नाहीत की रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "त्याले नेलं तर माहा एकटा पडीन."

सर उभे राहिले. त्या खड्ड्याकडे पाहिलं, मग खोदून रिकाम्या राहिलेल्या दोन भागांकडे. त्यांना काय सोडावं लागत होतं ते तिथल्या सगळ्यांना कळत होतं.

"थर नासलेला आहे, शुभदा," ते शेवटी म्हणाले. "नव्या खड्ड्यानं जुनं विस्कटलंय. असा पुरावा कोणी मानत नाही. फोटो घे, नकाशा काढ आणि बुजवून टाका. शिळा होती तशीच बसवा."

"सर, पण बांगडी..."

"बांगडी ज्याची आहे त्याच्याकडे राहू दे."

माती मी आणि मामीजींनी लोटली, हातानं. पैसा मामीजींनी परत तिथंच ठेवला. शिळा बसली, तेव्हा शुभदा मॅडमनं पिशव्या आणल्या आणि आपला नकाशा समोर धरून एकेक पांढरा गोटा होता त्याच जागी मांडायला लागली. मामीजी तिच्याकडे बघत म्हणाल्या, "राहू दे वं पोरी, कसेबी ठेव." पण तिनं सगळे मांडले.

आम्ही दोघी बरडातून परत निघालो. उन्हं कलली होती. मामीजी पुढे, मी मागे. पाणंद लागायच्या आधी धुऱ्यावर एक बोर होती, तिथं त्या थांबल्या आणि मटकन खाली बसल्या. आणि मग जे रडू फुटलं त्यांना! माय वं, मी घाबरूनच गेले. छाती पिटून, मोठ्यानं, सगळ्या माळाला ऐकू जाईल असं. इतक्या वर्षांचं सगळंच बाहेर पडत होतं.

मी पाठीवर हात फिरवत होते. "मामीजी, आता तो नीट आहे. सोबत आहे त्याला. रडू नका त्याच्यासाठी."

"त्याच्यासाठी नाई वं," त्या म्हणाल्या. नाकतोंड पदरानं पुसलं, पुन्हा भरून आलं. "त्यानं सांगतलं असतं मले, तर मी आयकलं नसतं. मेलेल्या लेकराजवळ माह्यं लेकरू ठेवलं मनून मी गाव डोक्यावर घेतलं असतं. उकरून काढायले लावलं असतं. त्याले ठाऊक होतं माह्यं डोस्कं. मनून बोलला नाई." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मी त्या मानसाले मरेपर्यंत कोरडं जेवू घातलं, सुमित्रे. तुह्या मामाजीसाठी रडून राहिली मी. आता रडू दे मले."

मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांना रडू दिलं.